भामाबाईची डावी बाजू

भामाबाईला सगळ्यात जास्त वैताग यायचा तो नवऱ्याच्या चांगुलपणाचा.

अप्पाराव दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता. मुंबईच्या दवाखान्यात कॅन्सरच्या गाठीसकट तिचं डावं स्तन काढलं, पुढं किरणांच्या लाईटा दिल्या, तेव्हा हा माणूस धर्मशाळेच्या ओसरीवर स्टोव्ह पेटवून तिच्यासाठी पेज शिजवत होता. ती टाके घेऊन बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "भामे, मला काही फरक पडत नाही. तू हाईस ना, बस झालं." त्या दिवशी ती हुंदके देऊन रडली. आपल्याला देवमाणूस मिळाला असं तिला वाटलं.

पण पुढं दोन वर्षं तो तेच वाक्य म्हणत राहिला. तिनं म्हणावं, "ब्लाउज एका अंगाला लोंबतो हो." त्यानं म्हणावं, "मला काही फरक पडत नाही." तिनं म्हणावं, "चालताना एका बाजूला कलल्यासारखं वाटतं." त्यानं पेपरातून मान वर न करता म्हणावं, "मला नाही तसं वाटत." वस्तीतल्या बायका कौतुक करायच्या, नवरा असावा तर असा. भामाबाई भाकरी थापता थापता परातीवर अशी थाप मारायची की शेजारच्या घरात ऐकू जावी.

ही माणसं मूळची कन्नड तालुक्याच्या पलीकडची. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत बौद्धांच्या वस्त्यांवर जे व्हायचं ते झालं. अप्पारावच्या गावात घरं जळाली नाहीत, पण दळण बंद झालं, पाणी बंद झालं, कामाला कुणी बोलवेना. दोघांनी बोचकी बांधली आणि औरंगाबाद गाठलं. पडेगावच्या बाजूला, दौलताबादच्या रस्त्यालगत पत्र्याची खोली टाकली. पुढं वाळूजला कारखाने उभे राहू लागले. काल जिथं बाजरी होती तिथं आज शेड, असं चाललं होतं. अप्पाराव आधी एका कारखान्यात लागला, मग भामाबाई दुसऱ्यात. स्कूटरला लागणारे रबरी भाग तिथं तयार व्हायचे. त्यांच्या कडा ब्लेडनं साफ करून ते खोक्यात भरायचं काम बायकांकडं होतं.

मोर्च्यात मात्र अप्पारावपेक्षा भामाबाईचं नाव मोठं. तिचा आवाज असा की मागच्या टोकाला घोषणा ऐकू जायची, लाऊडस्पीकर लागायचा नाही. नामांतराच्या सत्याग्रहात ती तुरुंगातही जाऊन आली होती, तान्ही लेक पदराखाली घेऊन. पोरगी डाव्या अंगालाच प्यायची, उजव्याला तोंड लावायची नाही. तुरुंगातल्या बायका त्यावरून तिला हसायच्या. आता ती पोरगी दहावीला होती, तिच्या पाठचा पोरगा सातवीला.

मुंबईहून परतल्यावर भामाबाईनं ब्लाउजच्या आत कापसाची गादी शिवून घेतली. सकाळी ती जागच्या जागी असायची. पण शेडमध्ये रबराच्या भट्ट्यांची धग, वर पत्रा. घामानं कापूस भिजायचा, त्याचा गोळा व्हायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत छाती सरकत गळ्याशी यायची. ती मग संडासात जायची, खाली ओढायची, परत यायची. सुपरवायझर म्हणायचा, "भामाबाई, आज पोट बिघडलंय का?"

तिच्या शेजारी सारजाबाई बसायची. ती धनगराची. तिचे दीर अजून दौलताबादकडच्या माळांवर मेंढरं घेऊन फिरायचे. तिनं एक दिवस डब्यासोबत पिशवीभर लोकर आणली.

"ही भर. भिजली तरी बसत नाय."

लोकर बसली नाही हे खरं, पण लाईटांनी पोळलेली ती कातडी, तिला लोकर लागली आणि अशी खाज सुटली की भामाबाई बसमध्ये सीटच्या दांड्याला खांदा घासत घरी आली. मग सारजाबाईनंच दुसरी युक्ती काढली. "बाजरी भर. वजन बी येईल, हलणार बी नाय."

बाजरीची गादी खरोखरच चांगली झाली. उजव्या बाजूइतकं वजन आलं. भामाबाईचा खांदा दुखायचा थांबला. महिनाभर तिला वाटलं, सुटले.

मग एकदा पहिल्या पाळीला वरच्या फळीवरून खोकं ओढताना तिला काखेत टचकन काहीतरी उसवल्याचं जाणवलं. तिनं हात दाबून धरला, पण उशीर झाला होता. बाजरीची धार लागली. साडीच्या निऱ्यांवरून, टेबलावर, साफ केलेल्या रबरी भागांत बाजरीच बाजरी. पलीकडच्या टेबलावरची एक पोरगी हसली. सुपरवायझर आला.

"हे काय आहे? धान्य कुणी आणलं इथं? माल खराब झाला तर कोण भरून देणार?"

हजारोंच्या मोर्च्यापुढं चालणारी बाई, ती पदर छातीशी आवळून नुसती उभी. तेवढ्यात सारजाबाई उठली.

"माझी हाय साहेब. वटीत बांधली व्हती, खंडोबाला वाहायला. सुटली."

"देव घरी ठेवून यायचे!" सुपरवायझर ओरडला. त्यानं सारजाबाईला मेमो दिला. सारजाबाई खाली वाकून शांतपणे बाजरी गोळा करत राहिली.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये भामाबाई निऱ्यांत अडकलेले बाजरीचे दाणे वेचत होती. नगर नाका आला तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"सारजे, मला खरी पायजे."

"काय खरी?"

"छाती."

पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवली. भामाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती परत फिरवली. सारजाबाई तिच्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "माझ्या पुतणीचा गळा जळला व्हता बघ, स्टोव्हनं. हनुवटी छातीला चिकटली व्हती. एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टरीण हाय, तिनं मांडीची कातडी काढून गळ्याला लावली. आता पोरगी वर बघती. गळ्याला लागती तर छातीला का नाय लागणार? इचारून तर बघ."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुंबईला शिकून आपल्या गावी परतलेल्या. भामाबाईचं सगळं ऐकून घेतलं, पडद्याआड नेऊन नीट तपासलं, मुंबईचे कागद वाचले. मग त्यांनी विचारलं, "मिस्टरांची काही तक्रार आहे का?"

"त्यांचं काय काम यात?"

डॉक्टरीणबाई जरा चपापल्या. "नाही, बहुतेक बायका त्यासाठीच... बरं, राहू द्या." त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. छातीची कातडी लाईटांनी कडक झालेली, तिथं ताणून काही करता येणार नव्हतं. बेंबीखालचं कातडी-मांस पोटाच्या स्नायूला जोडलेलं ठेवायचं, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा तुटत नाही, आणि आतून बोगदा करून वर छातीवर आणायचं. पोट शिवून टाकायचं. मोठं ऑपरेशन होतं. बरं व्हायला कित्येक आठवडे लागणार. जड उचलणं बरेच महिने बंद, आणि पोटाची ताकद पहिल्यासारखी कधीच येणार नाही.

"म्हंजी पोट जाणार अन् छाती येणार?"

"थोडक्यात तसंच. पण पहिल्यासारखी नाही हं येणार. आधीच सांगते. आकार येईल. स्पर्श कळणार नाही, निदान फारसा."

"तुम्ही निदान खरं तरी बोलता," भामाबाई म्हणाली. "घ्या पोट. दोन लेकरांनी ते तसंबी लोंबवून ठिवलंय."

आधी आजार परत आलेला नाही याची खात्री करायला तपासण्या झाल्या. त्या ठीक निघाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बोलावलं, ऑपरेशनची जोखीम घरच्यांना कळली पाहिजे म्हणून. अप्पाराव धुतलेला सदरा घालून आला, हात जोडून जय भीम केला, सगळं शांतपणे ऐकलं. आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "म्याडम, खरं सांगू का, मला काही फरकच पडत नाही."

दोन वर्षं साठलेलं तिथं फुटलं.

"तुम्हाला फरक पडत नाय हे माझं पाठ झालंय!" भामाबाई उभी राहिली. "उठता बसता तेच ऐकते. तुम्हाला इचारलंय कुणी? अंग माझं हाय. गादी माझी सरकती. बाजरी माझी सांडली. फरक मला पडतो, मला! अन् तुम्ही असे बोलता जसं काय मी तुमची काही वस्तू हरवली अन् तुम्ही मला माफ केलं!"

मोर्च्यातला आवाज तो. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली. डॉक्टरीणबाईंनी उठून दार लोटलं. अप्पाराव खाली बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

घरी जाताना लूनावर मागं बसलेल्या बायकोला तो म्हणाला, "आधी सांगायचं ना तू."

"कधी? तुम्ही सांगू देता व्हय? तोंड उघडलं की तुम्ही माफ करून मोकळे."

त्यानंतर त्यानं ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही. ते मात्र मान्य करायला हवं.

पण त्याची जागा घ्यायला बाकीचं जग तयार होतं. कन्नडहून नणंद गीताबाई एसटीनं खास समजवायला आली. भामाबाई तिला आक्का म्हणायची. आक्का पायरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "चाळिशी आली तुझी. उद्या लेकीचं लगीन होईल. आता हे नटायचं वय हाय का?"

"आक्का, तुमचे दात पडले तवा कवळी बसवली ना तुम्ही? का बसवली?"

"खायला लागती की."

"हसताना बी लावता. मी बघितलंय."

आक्कानं तोंडावर पदर घेतला. मग ती म्हणाली, "तू चळवळीतली बाई. तुझ्याकडं बघून बायका शिकतात. लोक काय म्हणतील, भामाबाईला असले शौक?"

"चळवळीतल्या बाईला अंग नसतं व्हय आक्का? लाठी बसती तवा कुठं बसती मग?"

आक्का दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत गेली. जाताना मात्र भामाबाईच्या लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी मला कळव. स्वयंपाकाला येईन."

ऑपरेशनची तारीख पडली. भामाबाई उपाशीपोटी झोपली, सकाळी हिरवा झगा घालून गाडीवर चढली, ऑपरेशन थेटरच्या दारापर्यंत गेली आणि तिथून तिला माघारी आणलं. रात्री एक भाजलेली पोरगी आली होती, नवी नवरी, आधी तिला घ्यायचं होतं. भामाबाई संतापून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिच्या शेजारून दुसरी गाडी आत गेली. त्या गाडीवरून आलेला वास तिला कळला. राग आला होता आणि तो काढायला कुणीच नव्हतं, हे तिला फारच जड गेलं. संध्याकाळी तिनं तो थंड चहा आणणाऱ्या मावशीवर काढला, मग स्वतःच तिची माफी मागितली.

दुसरी तारीख रक्तानं हुकवली. अप्पारावनं छाती ठोकून सांगितलं होतं की चळवळीतली चार पोरं रक्त देतील. ऐन दिवशी चारही पोरं मुंबईला मोर्च्याला गेलेली.

"नामांतरासाठी रक्त सांडू म्हणून बोंबलतात ना ही पोरं?" भामाबाई कॉटवर बसून ओरडली. "दर मोर्च्यात सांडतात! मला एक एक बाटली पायजे तर एकाचा पत्ता नाय!"

अप्पाराव गेला आणि वाळूजच्या आपल्या पाळीतली माणसं गोळा करून आला. त्यात सारजाबाईचा एक दीर होता, मेंढरं सोडून आलेला. सुई बघून तो भोवळ येऊन पडला. पण उठून रक्त देऊन गेला.

अखेर जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर ऑपरेशन झालं. सकाळी आत गेलेली बाई दिवस कलल्यावर बाहेर आली. जाग आली तेव्हा तिला वाटलं आपल्याला मधोमध दुमडून शिवलंय. गुडघे उशीवर उंच ठेवलेले, पोटाला घट्ट पट्टा, दोन्ही कुशींतून नळ्या. सरळ पाय केले तर टाके ताणतील म्हणून तसंच पडून राहायचं. खोकायचं नाही. शिंकायचं नाही. "मरू तरी का?" तिनं सिस्टरला विचारलं.

आणि त्याच दिवसांत, चौदा जानेवारीला, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. शहरात जागोजाग पोलीस. वॉर्डात कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या. अप्पाराव तिच्या उशाशी स्टुलावर बसला होता. तो तिच्याकडं बघे, नळीकडं बघे, खिडकीबाहेर बघे.

"जा," भामाबाई म्हणाली.

"नाही जात. तुला अशी टाकून कसा जाऊ?"

"जा म्हणते ना. सोळा वर्षं जिच्यासाठी तळवे झिजवले ती कमान तिथं, अन् तुम्ही इथं माझी लघवीची पिशवी राखत बसलाय. तुमची चुळबुळ बघून माझे टाके दुखायला लागले. जा!"

तो गेला. विद्यापीठाच्या कमानीपाशी काय झालं हे तिला दिसलं नाही. दुपारी दारात गलका झाला. अप्पाराव आला होता. केसांत निळा गुलाल, सदऱ्यावर गुलाल, हातात पेढ्याचा पुडा. सिस्टर आडवी आली.

"आत यायचं नाही! जखमेवर धूळ पाडता का? बाहेर व्हा!"

"सिस्टर, एकच मिनिट..."

"अर्धासुद्धा नाही!"

मग तो दारातूनच ओरडला, "भामे, झालं! नाव झालं!"

सगळा वॉर्ड तिच्याकडं बघू लागला. समोरच्या कॉटवरच्या बाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई, मिटलं एकदाचं." भामाबाईला रडू आलं. रडताना पोट हललं, पोट हललं तशी कळ आली, आणि कळ आली म्हणून ती आणखी रडली. इतक्या वर्षांनी हा दिवस आला, आणि तिला साधं उठून बसता येईना, एक घोषणा देता येईना. असला मुहूर्त तिच्याच वाट्याला यायचा होता.

संध्याकाळी अप्पाराव अंघोळ करून, कपडे बदलून आला. स्टुलावर बसून म्हणाला, "नामांतर मागितलं होतं, नामविस्तार दिला. आंबेडकरांचं नाव आलं, पण मराठवाडा तसाच ठेवला. पुरं नाही दिलं. पण दिलं. तुझंही बघ ना, तसंच झालं. पहिल्यासारखं नाही, पण..."

"माझ्या छातीचं भाषण करू नका," भामाबाई डोळे मिटून म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं तर ती भामाबाई कसली. आठवडाभरात नव्या स्तनाची खालची कड आधी निळसर, मग काळी पडली. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग कापून काढला. पुन्हा टाके, पुन्हा पट्ट्या. होळी आली तरी ड्रेसिंग चाललेलं. ती घरात कमरेत वाकून चालायची. आक्का कन्नडहून येऊन राहिली होती. ती रोज वरणात हिंग जास्त घालायची, आणि भामाबाई काही बोलू शकत नव्हती, कारण आक्का आपणहून आली होती आणि सगळ्यांचं निगुतीनं करत होती.

पट्ट्या सुटल्यावर भामाबाईनं दार लावून आरशात पाहिलं. उजव्यापेक्षा जरा वर बसलेलं, खालून चपटं, होडीच्या आकाराचा व्रण, बोंड नाही. हात लावला तर बोटांना ऊब कळत होती, छातीला बोटं कळत नव्हती. तिला आनंद झाला नाही. दुःखही झालं नाही. परक्या घरून आलेलं काहीतरी अंगावर घेऊन उभं राहावं तसं वाटलं. कितीतरी दिवस ती अंघोळीला तिकडं बघायची नाही. एकदा गरम पाण्याचा तांब्या तसाच ओतला तर कातडी लाल झाली आणि तिला पत्ताच नाही.

उन्हाळा सरता सरता ती कामावर रुजू झाली. सुपरवायझरनं कुरकुर करत तिला बसून माल तपासायचं काम दिलं. पहिले काही दिवस ती सवयीनं पदराखाली हात घालून बघायची. मग एक दिवस चहाची सुट्टी झाली तेव्हा सारजाबाई म्हणाली, "आज तू एकदा बी चाचपलं नायस."

भामाबाईला आठवेना. सकाळपासून तिनं खरंच तिकडं लक्ष दिलं नव्हतं. ती वाकली होती, उठली होती, एका पोरीशी मालावरून भांडलीही होती, आणि या सगळ्यात आपल्याला डावी बाजू आहे हेच ती विसरून गेली होती. तिनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "चहात पाणी घालतात मेले." सारजाबाई हसली.

पुढं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, बोंडही करता येईल, छोटंसंच ऑपरेशन आहे. भामाबाईनं हात जोडले. "राहू द्या. आता कुठं मी तिला विसरायला लागले, तुम्ही परत आठवण करून देऊ नका."

काही वर्षांनी त्याच डॉक्टरीणबाईंनी पाठवलेली एक बाई पडेगावला तिचं घर विचारत आली. चंपाबाई तिचं नाव. तिचंही एक स्तन काढलेलं. नवरा अंगणात उभा, आणि ती उंबऱ्यावर बसून नखानं जमीन उकरत होती.

"बाई, ते... कसं दिसतं?"

भामाबाईनं दार लोटून घेतलं आणि पदर बाजूला केला. चंपाबाईनं मान खाली घातली.

"खाली काय बघती? मी काय पायावर बसवलंय? वर बघ."

चंपाबाईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "हात लावू?"

"लाव. मला काय कळतंय."

चंपाबाईनं बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. मग सगळा तळहात ठेवला. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "पर घरचे म्हणतात, करू नको. मालक म्हणतात, मला काय बी..."

"थांब!" भामाबाई ओरडली. बाहेर अंगणात चंपाबाईचा नवरा दचकला. "ते वाक्य माझ्या घरात नाय बोलायचं. तुला पायजे का नको, तेवढं सांग. नको असंल तर चहा घे अन् सुखानं घरी जा, तसंबी काही बिघडत नाय. कितीतरी बायका तशाच चांगल्या राहतात."

भामाबाईला वाट बघायची सवय नव्हती. तिनं पदर सावरला, स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं.

"पायजे," चंपाबाई हळूच म्हणाली.

"मग मोठ्यानं सांग की! बाहेर ऐकू जाऊ दे."

सोमवारी भामाबाई रजा टाकून तिच्यासोबत दवाखान्यात गेली. रांग दारापर्यंत आलेली, पंखा बंद, डॉक्टरीणबाई अजून थेटरमध्ये. चंपाबाई म्हणाली, "उशीर लागंल वाटतं." भामाबाईनं पिशवीतून भाकरी-चटणीचं फडकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "लागू दे. खाऊन घे आधी. इथं उपाशी ठेवायचे दिवस पुढं लई येणार हाईत."